सड्याखालचे घर

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सासरच्या गावी नवे घर बांधायचे ठरले, तेव्हा नात्यातल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न पावसाचा विचारला. पाखे किती उतरते ठेवणार, पडवीला झड लागू नये म्हणून काय करणार, भिंतींना ओल येणार नाही ना, असे ते प्रश्न होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो, तिथे हे साहजिकच आहे. वणव्याचे मात्र कोणीही विचारले नाही. वास्तविक आमच्या वाडीच्या डोक्यावर मैलभर पसरलेला कातळसडा, म्हणजे खडकाचे सपाट पठार, आहे आणि तो बहुतेक वर्षी शिमग्याच्या आगेमागे कुठे ना कुठे पेटतो. कोकणातला माणूस पावसाला भितो. वणव्याकडे मात्र तो शेजाऱ्याच्या आंब्या-काजूच्या नुकसानीचा विषय म्हणून पाहतो.

सड्याचे गणित सोपे आहे. कातळावर वीतभर माती, तिच्यावर पावसाळ्यात कमरेएवढे वाढणारे गवत. दिवाळी सरली की ते पिवळे पडते आणि पौषापासून नुसत्या ठिणगीची वाट पाहत उभे राहते. ठिणगीला कारणे पुष्कळ असतात. कोणाची भाजावळ, म्हणजे शेतजमीन भाजण्यासाठी लावलेली आग, हाताबाहेर जाते, विजेच्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, कोणी विडी टाकतो, आणि नवे गवत लवकर फुटावे म्हणून मुद्दाम काडी लावणारेही असतात. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तेव्हा सडा शांत असतो. दुपारी खारा वारा सुटला की तीच आग पूर्वेकडे, म्हणजे आमच्या वाडीकडे, धावू लागते. सरकारी जंगल असेल तर वनखाते हंगामापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढलेला पट्टा, काढून घेते. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र फारच थोडे आहे. आमच्यासारख्या गावांत सडा, रान आणि बागा सगळे सातबाऱ्यावर खाजगी मालकीचे असते. त्यामुळे ज्याचे घर त्याची जाळरेषा, असा तिथला अलिखित कायदा आहे.

माझ्या मनात हा विषय शिरला तो पुतण्यामुळे. तो कॅलिफोर्नियात राहतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या पॅराडाइज नावाच्या गावाची वणव्याने राख झाली, ८५ माणसे गेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत एक गोष्ट मला विलक्षण वाटली. कित्येक ठिकाणी घराचा फक्त चौथरा उरला होता आणि त्याच्या बाजूची झाडे मात्र हिरवीगार उभी होती. म्हणजे आग झाडांवरून चालत येऊन घराला भिडली नव्हती. निखारे वाऱ्याने उडत आले, कौलांच्या फटींत, पन्हळीतल्या पाचोळ्यात, पायरीवरच्या पायपुसण्यात पडले आणि घर आतून पेटले. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी आयुष्यभर हेच मांडले की घर वाचते की जळते, हे ते घर आणि त्याच्या सभोवतालचा सुमारे ३० मीटरचा परिसर ठरवतो. हे वाचल्यावर मी आमच्या जुन्या पडक्या घराचा परिसर डोळ्यांसमोर आणला. मागच्या भिंतीला लागून लाकडांची खोप होती, माळ्यावर नारळाची सोडणे आणि झावळ्या, गोठ्याशेजारी पेंढ्याची उडवी, आणि खळ्यावर, म्हणजे पुढच्या अंगणात, उन्हाळ्यापुरता घातलेला सुक्या झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, मांडव.

जागेचा प्रश्न सर्वांत आधी आला. आमच्या हिश्श्यात दोन जागा होत्या. एक सड्याच्या ऐन काठावरची, जिथून खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. दुसरी उतारावर बरीच खाली, विहिरीजवळची. यजमानांचे आणि मुलांचे मन वरच्या जागेवर बसले होते. आग चढावर वेगाने धावते आणि वरचा काठ तिला दोन्ही बाजूंनी सापडतो, खालून चढणारी आग आणि सड्यावरून येणारी आग, हे मी कागदावर रेघा मारून सांगत होते. परंतु समुद्राच्या दृश्यापुढे माझ्या रेघांचा टिकाव लागेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "देवाला विचारल्याशिवाय इथे कोणी घर बांधले आहे का?" मग ग्रामदेवीच्या देवळात कौल लावायचे ठरले.

गुरवकाकांनी देवीच्या पाषाणाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावले आणि गाऱ्हाणे घातले. माझ्या दिरांनी प्रश्न विचारला तो असा, की घर वर बांधावे की खाली बांधावे. कळी हलेना. बराच वेळ गेल्यावर गुरवकाका शांतपणे म्हणाले, "भाऊ, देवाला एका वेळी एकच विचारायचे. दोन वाटा दाखवून कोणती धरू म्हणून विचारलेत तर तो काय सांगणार?" मग खालच्या जागेचे एकट्याचे विचारले आणि उजवी कळी सुटली, म्हणजे होकार मिळाला. मी या गोष्टींकडे कोणत्या नजरेने पाहते, हे मला नीट सांगता येणार नाही. इतके मात्र खरे की माझ्या रेघांनी जे काम झाले नाही ते त्या कळीने झाले, आणि घरात त्या विषयावर पुन्हा वाद निघाला नाही. वाडीतली सगळी जुनी घरे सड्याखाली, पाण्याजवळच आहेत, ही गोष्ट कौल लागण्यापूर्वीही आमच्या डोळ्यांसमोर होतीच.

तलाठी कार्यालय, मोजणी, ग्रामपंचायत आणि परवानगी यांची कथा इतरांच्या कथेहून निराळी नाही, म्हणून ती सोडून देते.

भिंतींबद्दल फारसा विचार करावा लागला नाही. जांभा चिरा आमच्याच पंचक्रोशीतल्या खाणीतला. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि उघड्यावर वाऱ्या-उन्हात टणक होत जातो. तो जळत नाही. खरा कस लागला तो छपराचा. मंगळुरी कौल मुळात भाजलेली माती, त्याला आगीचे भय नाही. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात या कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि धर्मप्रसाराला आलेल्या त्या मंडळींची कौले पुढे आमच्याकडच्या देवळांवरही चढली. परंतु कौलारू छप्पर म्हणजे शेकडो फटी. त्यात कोकणात वानरांची टोळी आठवड्यातून एकदा तरी छपरावरून धावत जाते, दोन कौले सरकतात, एखादे फुटते, आणि पाऊस नसल्यामुळे घरच्यांना ते जूनपर्यंत कळतही नाही. नेमक्या याच महिन्यांत निखारे उडतात.

यावर आमच्या सुतारांनी जो उपाय सुचवला तो नवा नव्हता. जुन्या श्रीमंत घरांत वरच्या कौलांखाली सपाट, नक्षीदार कौलांचा आणखी एक थर रिपांवर बसवलेला असे. खोलीतून वर पाहिले की ते शोभेचे वाटते. आम्ही संपूर्ण घरावर तो थर घेतला. वरचे कौल फुटून निखारा आत आला तरी तो मातीच्याच दुसऱ्या थरावर पडतो आणि विझून जातो. खर्च वाढला, छपराचे वजनही वाढले, त्यामुळे वासे जवळजवळ घालावे लागले. तुळया आणि वासे जुन्या घराच्या ऐनाच्या लाकडाचे आहेत. लाकूड म्हटले की लोक दचकतात; पण जाड तुळई सहजी पेट घेत नाही, ती वरून कोळसा धरते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ राखतो. चटकन पेटतात त्या पातळ रिपा, बांबू आणि झापा. म्हणून रिपा दोन थरांच्या आड झाकल्या गेल्या आणि बांबू तर घराला लावलाच नाही.

आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौले, चुन्यात पक्के बसवले. भिंतीचा माथा आणि कौले यांमधली फट, जिच्यातून जुन्या घरांत चिमण्या आणि मांजरे खुशाल ये-जा करीत, ती चिऱ्याच्या कपच्यांनी बुजवली आणि हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांना गंज न धरणारी बारीक जाळी लावली. पुतण्याने सांगितले होते की जाळीचे छिद्र तीन मिलिमीटरहून मोठे नको. गवंड्याने डासांची प्लास्टिकची जाळी आणली होती. त्या जाळीच्या तुकड्याला मी त्याच्यासमोर उदबत्ती टेकवली; टेकवल्याबरोबर वाटाण्याएवढे भोक पडले. त्यानंतर त्याला वेगळे सांगावे लागले नाही. तो स्वतःच राजापुरात जाऊन धातूची जाळी घेऊन आला, आणि न्हाणीच्या चुलीच्या धुराड्यावरही तिचीच टोपी घालून दिली.

देवघराबद्दल सासूबाईंचे म्हणणे ठाम होते. घरात नंदादीप हवा, आणि तो रात्रीही विझता कामा नये. माझ्या मनात निजानीज झालेल्या कौलारू घरात उघडी ज्योत कशी ठेवायची, ही काळजी होती. ती मी त्यांना सांगायला बिचकत होते. पण त्यांच्याच माहेरच्या घरी उंदराने समईतली तेलात भिजलेली वात पळवली होती आणि माळ्यावरचे सोडणांचे ढीग पेटले होते, हे त्यांनीच सांगितले. मग आम्ही दोघींनी मिळून देवघराची रचना केली. लाकडी देव्हारा आणला नाही. पूर्वेच्या भिंतीत चिऱ्याचाच खोल कोनाडा काढून त्यात देव बसवले, आणि त्याच्या बाजूला नंदादीपासाठी लहान देवळी केली. तिला काचेचे दार आहे आणि वर धूर जाण्यापुरते जाळीचे तोंड आहे. उंदराला तिथे शिरता येत नाही. देवळीच्या वर-खाली, दोन हातांत, कापूस, कापूर, तेलाची बाटली, वस्त्रमाळा यांपैकी काही ठेवायचे नाही, असा नियम सासूबाईंनी घातला आणि तो मोडणाऱ्या नातवंडांना त्याच रागावतात.

वास्तुशांतीचा मुहूर्त माघातला निघाला, म्हणजे गवत कडकडीत वाळलेले. होम घरातच व्हायचा होता. भटजींना मी भीत भीत विचारले की कुंड कसे मांडणार. ते हसून म्हणाले, "वहिनी, अग्नीला बोलावायचे म्हणजे त्याला जागा आखूनच द्यायची असते. कुंडाला मेखला कशाला असतात?" जमिनीवर विटांचा थर, त्यावर चार बोटे वाळू आणि तिच्यावर तांब्याचे कुंड अशी मांडणी त्यांनीच सांगितली. समिधा वाळूच्या बाहेर जाणार नाहीत इतक्याच लांबीच्या घेतल्या. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरली गेली. खरी अडचण नंतर आली. होमाची राख नेहमी निर्माल्याबरोबर बागेच्या कडेला टाकतात, आणि राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. आम्ही ती राख कुंडातच राहू दिली, दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाणी ओतून हाताने चाळून पाहिली आणि मग औदुंबराच्या आळ्यात घातली. आता घरातल्या चुलीची राखही त्याच रीतीने जाते.

दाराचे तोरण हा विषय लहान वाटेल, पण त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी छपरावरही झाली नसेल. आंब्याच्या टहाळ्याचे तोरण वास्तुशांतीला बांधतात आणि ते सुकून कुरकुरीत होईपर्यंत, कधी कधी वर्षभर, चौकटीवर तसेच लटकत असते. लाकडी दाराच्या माथ्यावर वाळलेल्या पानांची माळ हे निखाऱ्याला आमंत्रणच आहे. आमच्याकडे आता तोरण पाने मलूल पडली की उतरवले जाते. मोठ्या जाऊबाईंना ते अशुभ वाटले होते. भटजींनी निर्णय दिला की सुकलेले तोरण ठेवावे असे कुठेही सांगितलेले नाही, ते केवळ आपल्या आळसाने राहते.

घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत जळण्याजोगे काही ठेवू नये, असा कॅलिफोर्नियातल्या जाणकारांचा आग्रह असतो. आमच्याकडे ही गोष्ट जवळपास आयतीच होती. पुढच्या दारी खळे असते. पाऊस संपला की ते खणून, पाणी घालून, चोपण्याने चोपून शेणाने सारवतात. त्यावर गवताची काडीही उगवत नाही. मधोमध चिऱ्याचे तुळशीवृंदावन, त्यातली तुळस रोज पाण्याची. मागे आणि बाजूंना आम्ही खळ्याऐवजी चिऱ्याची फरसबंदी केली. लाकडांची खोप तिथून उचलून गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाच्या, कडेला, घरापासून चांगली लांब नेली. पेंढ्याची उडवी त्याहून लांब. घराला टेकलेले कळकाचे बेट काढावे लागले; त्याच्या बुंध्याशी सुक्या पानांचा गुडघाभर थर होता, आणि पेटलेला कळक फटाक्यासारखा फुटून दूरवर ठिणग्या फेकतो. औदुंबर ठेवला. तो काढायला कोणी तयारही झाले नसते, आणि तशी गरजही नव्हती. तो ओला, सावली देणारा वृक्ष आहे, फक्त त्याचा पाचोळा रोज लोटावा लागतो.

मांडवाचे मात्र अवघड होते. शिमग्यात देवीची पालखी घरोघरी येते आणि तिच्यासाठी खळ्यावर मांडव हवाच. सुक्या झापांचा मांडव घराच्या पागोळ्यांना बांधलेला, आणि दिवस फाल्गुनातले. मानकऱ्यांसमोर हा विषय काढताना यजमानांना संकोच वाटत होता. मानकऱ्यांनी तो चुटकीसरशी सोडवला. पालखीच्या दिवशी सकाळी ताज्या हिरव्या झावळ्या आणि आंब्याचे टहाळे उतरवून मांडव घालायचा, तो घरापासून सुटा, चार सुपारीच्या खांबांवर उभा करायचा, आणि पालखी पुढच्या घरी गेली की दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. "देवीला हिरवेच आवडते," एवढेच एक वृद्ध मानकरी म्हणाले. उरलेल्या उन्हाळ्यात आम्हाला खळ्यावर सावली नसते आणि दुपारी ते तापते, ही उणीव आहे आणि ती सोसावी लागते.

पाण्याची व्यवस्था करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की वणव्यात सर्वांत आधी वीज जाते. म्हणून घराच्या वरच्या अंगाला, चढावर, चिऱ्याची आणि आतून सिमेंटने गिलावा केलेली टाकी बांधली. तिचे पाणी पंपाशिवाय, उताराने, जाड नळीतून घराच्या चारही कोपऱ्यांपर्यंत येते. काळ्या प्लास्टिकची टाकी स्वस्त पडली असती, पण ती आगीच्या झळीत वितळते. शिवाय गावातल्या बागायतदारांकडे आंब्याच्या फवारणीचे पंप असतातच. पेट्रोलवर चालणारे, लांब नळीचे, टेम्पोत ठेवून कुठेही नेता येणारे. तालुक्याच्या ठिकाणाहून बंब येईपर्यंत तेच आमचे अग्निशमन दल. ते घरापर्यंत पोहोचावेत म्हणून जुनी पायऱ्यांची पाखाडी तशीच ठेवून बाजूने टेम्पो वळू शकेल असा कच्चा रस्ता काढला.

दुसऱ्याच वर्षी शिमगा उलटल्यावर सडा पेटला. दुपारी धुराचा वास आला आणि थोड्या वेळाने आकाश तपकिरी झाले. वाडीतली माणसे ओले टहाळे घेऊन वर धावली. दोन फवारणी पंप आमच्या रस्त्याने चढले. सासूबाईंना आणि मुलांना आम्ही खाली देवळात पाठवले, खिडक्या-दारे लावली, खळे आणि फरसबंदी भिजवली. आग गडग्यापर्यंत आली आणि तिथे आम्ही गवत कापून ठेवलेल्या पट्ट्यावर मंदावली, मग माणसांनी ती झोडपून विझवली. संध्याकाळी मी घराभोवती फिरले तेव्हा फरसबंदीवर गव्हाच्या दाण्यापासून बोटाच्या पेरापर्यंतचे काळे तुकडे विखुरलेले होते. पन्हळीत तसेच काही पडले होते, पण ती आदल्या आठवड्यात झाडलेली असल्याने त्यांना धरायला काही मिळाले नव्हते. मागच्या पायरीवरचे काथ्याचे पायपुसणे मात्र एका कोपऱ्यात तळहाताएवढे जळले होते. तिथे आता चिऱ्याचा खरखरीत तुकडा बसवला आहे. वाडीतले एकही घर गेले नाही. सड्यालगतच्या दोन काजूच्या बागा गेल्या.

विम्याचीही चौकशी केली. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घराला लागणाऱ्या नेहमीच्या आगीबरोबरच वणव्याचाही समावेश आहे. आम्ही ती घेतली. झाडांना मात्र तिचे संरक्षण नाही, त्यामुळे ज्यांच्या काजू जळल्या त्यांना तिचा उपयोग नव्हता.

घर म्हणून जे करायचे ते बहुतेक झाले आहे. जे राहिले आहे ते सड्याचे. गडग्यापलीकडचे गवत आमचे नाही. ते वेगवेगळ्या मालकांचे, त्यातले निम्मे मुंबईला. दुसऱ्याच्या जमिनीतले गवत विचारल्याशिवाय कापता येत नाही आणि विचारायला माणूस सापडत नाही. गेल्या वर्षी गावकीच्या सभेत ठरले की सड्याच्या खालच्या काठाने, वाडीच्या संपूर्ण लांबीत, वीस फुटांचा पट्टा मोकळा करायचा. गवत ग्रासकटरने कापून गुरे असलेल्यांनी न्यायचे, आणि उरलेला खुंटांचा भाग भल्या पहाटे, दव असताना आणि वारा समुद्राकडे वाहत असताना, माणसे उभी करून जाळून घ्यायचा. खर्च घरटी वाटून. एका मालकाची लेखी संमती अडून राहिली होती; ती या गणपतीत ते गावी आले तेव्हा मिळाली. त्रिपुरी पौर्णिमेनंतर कापणी सुरू करायची असून ग्रासकटर चालवणाऱ्या दोन मुलांना त्यासाठी आगाऊ पैसे दिलेले आहेत.